मॉर्फ केलेला फोटो आणि धमकी: आधी पुरावा, मग रिपोर्ट

ताई, तुमचे प्रश्न दोन. इन्स्टाग्रामवरचं खोटं अकाउंट आठवीतल्या मुलीचा मॉर्फ केलेला (फेरफार करून बनवलेला) नग्न फोटो पसरवायची धमकी देतंय, तर आधी काय करायचं? आणि देशात यासाठी काही धोरण आहे का? धोरण एका कागदावर नाही, तीन-चार कायद्यांत विखुरलंय. पण तुमच्या प्रकरणाला तेवढं पुरेसं आहे. घोळ होतो तो बहुधा घरातल्या पहिल्या तासाभरात.

घाबरलेले पालक ब्लॉक करतात, चॅट डिलीट करतात, नाहीतर ‘हे कुणाचं अकाउंट, ओळखा’ म्हणून फोटोच सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात. हे शेवटचं सगळ्यात वाईट. माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याच्या कलम ६७-बीखाली असा फोटो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे (पहिल्या वेळी ५ वर्षांपर्यंत कैद, १० लाखांपर्यंत दंड), आणि पाठवणारा आईबाप आहे म्हणून तिथे वेगळी सूट लिहिलेली नाही.

तेव्हा फोटो आहे त्या चॅटमध्येच राहू द्या. कॉपी नको, प्रिंट तर नकोच. जपायचं ते बाकीचं: प्रोफाइलची लिंक, युजरनेम, ‘अबाउट धिस अकाउंट’मध्ये दिसणारी तारीख, धमकीचे मेसेज वेळेसकट. समोरच्याने मेसेज अनसेंड केला की तो तुमच्याकडूनही जातो, म्हणून हे लगेच उरका. गायब होणारे मेसेज असतील तर दुसऱ्या फोनने टिपा. तिथे स्क्रीनशॉट काढल्याची सूचना समोरच्याला जाते. पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते.

मग अॅपमध्ये रिपोर्ट. २०२१च्या आयटी नियमांनुसार नग्न किंवा मॉर्फ केलेल्या फोटोची तक्रार मुलीच्या वतीने दुसऱ्या कुणालाही करता येते. तो हटवायला मूळ नियमात २४ तास होते. हटवलेल्या मजकुराची नोंद कंपनीने तपासासाठी १८० दिवस ठेवायची असते, त्यामुळे ‘रिपोर्ट केला तर पुरावा जाईल’ ही भीती नको. मात्र लिंक तुमच्याकडे नसेल तर पोलीस त्या नोंदीपर्यंत पोचणार कसे? फोटो अजून कुठे चढला नसेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा वापरा. फोटो फोनबाहेर जात नाही, त्याचा फक्त हॅश, म्हणजे फोटोवरून तयार होणारा डिजिटल ठसा, जातो. सहभागी कंपन्या तो जुळवून फोटो अडवतात.

सायबरक्राइम पोर्टलवर ‘रिपोर्ट अॅनोनिमसली’ आणि ‘रिपोर्ट अँड ट्रॅक’ असे दोन पर्याय येतात. तुम्ही दुसरा घ्या, निनावी तक्रारीचा पाठपुरावा करता येत नाही. १९३० हा क्रमांक मुख्यतः आर्थिक फसवणुकीचा, पैसे गेले असतील तरच. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

पोलीस ठाण्यात अर्ज देताना नुसतं ‘त्रास देतो’ लिहू नका. पॉक्सोच्या (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम ११ मध्ये खऱ्या किंवा बनावट चित्रणाची धमकी हाच लैंगिक छळ धरलाय, शिक्षा कलम १२ खाली ३ वर्षांपर्यंत. म्हणजे फोटो कुठेही टाकलेला नसला तरी गुन्हा नोंदवता येतो. ‘फोटो तर खोटा आहे’ असं कुणी म्हणालं तर कलम ११ मधला ‘बनावट’ हा शब्द दाखवा. फोन जप्त केला तर पंचनामा आणि हॅश व्हॅल्यूची नोंद मागा. जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने आणि गणवेशाविना; पॉक्सोचं कलम २४ तसंच सांगतं.

धमकी देणारा वर्गातलाच निघाला तर शाळा ‘आपसात मिटवू’ म्हणेल. गुन्हा माहीत असून न कळवणं हा पॉक्सोच्या कलम २१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. आणि मुलगा अल्पवयीन असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, तुरुंगात नाही. हे शांतपणे सांगितलं की मुख्याध्यापक बरेचदा ऐकतात.

आता धोरण. २०२३चा डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्यांच्या डेटासाठी पालकांची पडताळलेली संमती मागतो, त्यांच्यावर पाळत आणि त्यांना लक्ष्य करून केलेल्या जाहिराती नाकारतो. नोव्हेंबर २०२५च्या नियमांनी कंपन्यांना त्यासाठी १८ महिने दिले. पण हे सगळं वयावर बेतलेलं आहे, आणि मुलांनी जन्मसाल खोटं टाकलेलं असतं. मुलीच्या अकाउंटचं तपासा. खरं साल असेल तर अकाउंट आपोआप प्रायव्हेट राहतं आणि अनोळखी माणसाचा मेसेज थेट येत नाही.