4 बाय 6 च्या बाथरूममध्ये गॅस गिझर लावायचा आहे, एक्झॉस्ट फॅन बसवला तर पुरेल का? आणि 6 लिटरचा घ्यावा की 7 चा?

नाही पुरत. मी नाशिकला प्लंबिंगची कामं करतो, बाथरूमच्या आत गॅस गिझर लावायचं काम मी घेतच नाही, आणि त्यावरून सख्ख्या चुलतभावाशी माझं वाजलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दादाने नवीन फ्लॅट घेतला तेव्हा मी जागा बघूनच सांगितलं की गिझर ड्राय बाल्कनीत लाव, तिथून पाईप आत घेऊ. त्याचं म्हणणं, टाइल्स परत फोडायच्या नाहीत, आणि एवढ्या लांबून आणलं तर गरम येईपर्यंत बादलीभर पाणी वाया जाणार. अहो अर्ध्या इंची वीस फूट पाईपमध्ये पाणी मावतं किती, पाऊण लिटर, फार तर लिटर. नाही ऐकलं. दुकानदाराच्या फिटरकडून आतच टांगून घेतला, शॉवरच्या बाजूला, वर सगळ्या भावकीत सांगितलं की ह्याला पाईपचं लेबर लावायचं होतं म्हणून आत नको म्हणत होता.

त्याच थंडीत पुतणी आत पडली. गार वारा येतो म्हणून काचपट्ट्यांच्या खिडकीला पुठ्ठा लावलेला, त्या दिवशी केस धुवायचे म्हणून अंघोळ लांबलेली. वहिनीला शॉवरचा आवाज येतोय पण पोरगी हाकेला ओ देत नाही. दार तोडून बाहेर आणली, मोकळ्या हवेत थोड्या वेळाने डोळे उघडले, मग उलट्या, आणि दिवसभर डोकं ठणकत होतं. दादाने कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर बोटाला लावला, 98. मग काय, म्हणे ऑक्सिजन ठीक आहे, उपास होता, शुगर लो झाली असेल. दवाखान्यातही तेच धरून चालले. आजही चार माणसांत तो हेच सांगतो, वर म्हणतो गॅसचा वाससुद्धा नव्हता.

वास येईल कसा? सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. इथे गळती नव्हतीच, गॅस जळत होता, पण हवा कमी पडली की तो अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, त्याला ना वास ना रंग. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या 200 पटीहून घट्ट चिकटतो, आणि घरातल्या ऑक्सिमीटरला ह्या दोघांतला फरकच कळत नाही, म्हणून माणूस गुदमरलेला असताना तो 98 दाखवतो. रक्ताची कार्बॉक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे कार्बन मोनॉक्साईड चिकटलेलं हिमोग्लोबिन, तपासणी करावी लागते, तीही लवकर, कारण साध्या हवेतसुद्धा चार-पाच तासांत ते प्रमाण निम्म्यावर येतं. हातापायांतलं बळ आधी जातं, म्हणून उठून कडी काढणंही जमत नाही. बाथरूममध्ये फिट आली म्हणून आणलेल्या पेशंटमध्ये कारण गॅस गिझर निघाल्याच्या केसेस आपल्याकडच्या न्यूरॉलॉजिस्टनी नोंदवल्यात.

तुमच्याच बाथरूमचा हिशोब बघा. 4 बाय 6, उंची 8 फूट धरली तर आत हवा साडेपाच घनमीटरच्या आत. 6 लिटरचा गिझर फुल चालला तर तासाला पाऊण ते एक किलो गॅस खातो, आणि किलोभर गॅस नीट जळायला साधारण 12 घनमीटर हवा लागते. म्हणजे खोली बंद असेल तर पंधरा मिनिटांत निम्म्या हवेतला ऑक्सिजन संपला. बऱ्याच मॉडेलला 20 मिनिटांनी बंद होणारा टायमर असतो, तो दाखवून विकतात, पण नळ बंद करून परत उघडला की तो परत शून्यापासून सुरू.

आता फॅन. दाराला खालून जाळी नसेल तर फॅन हवा ओढणार कुठून? गिझरचा धूर बाहेर नेणारा फ्लू पाईप असेल तर तोच धूर फॅन उलटा आत खेचू शकतो. आणि मुख्य म्हणजे लाईट गेली की फॅन बंद पडतो, गिझर मात्र सेलवर पेटतो, तो चालूच राहतो.

तेव्हा बाहेर लावा. ड्राय बाल्कनी स्लायडिंग लावून बंद केली असेल तर तीही बाथरूमसारखीच समजा. डक्टमध्ये लावलात तर शेजाऱ्याची खिडकी वर नाही ना बघा. ज्योत निळी हवी, पिवळी दिसली किंवा काजळी धरली तर वापर थांबवून बर्नर साफ करून घ्या. पाईपगॅस असेल तर सिलिंडरवरचा गिझर तसाच जोडू नका, जेट वेगळे असतात.

हां, हवा बाहेरून घेऊन धूर बाहेरच सोडणारे पूर्ण बंद चेंबरचे गिझर येतात, ते कंपनीच्या माणसाने नीट बसवले तर आत चालतात, माझा विरोध त्यांना नाही. आणि सध्या आतच लावलेला असेल तर तो हलवेपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, मग अंघोळीला जा. कोणी पडलंच तर आधी बाहेर ओढा, 108 ला फोन लावा आणि गॅस गिझर चालू होता हे डॉक्टरला स्वतःहून सांगा.

6 की 7, बादलीने अंघोळ करत असाल तर 6 पुरतो.

बाहेर लावायला पाईपचे आणि लेबरचे पैसे जास्त लागतात हे खरं आहे, मी ते घेतो. दादाकडून मात्र मागितले नव्हते, वहिनीला विचारा.