खार मांजराला काय सांगते?

कोथरूडहून एक वाचक : कंपाउंडच्या भिंतीवर मांजर आलं की आमच्या आंब्यावरची खार पळून जायचं सोडून शेपटी झटकत कितीतरी वेळ चिरकते. तिला भीती वाटत नाही का?

वाटते ना. पण मांजर दबा धरून शिकार करतं, त्याची सगळी भिस्त न दिसण्यावर असते. ‘पाहिलंय मी तुला’ हे खार शेजारच्या खारींना सांगते, तसंच मांजरालाही. डाव उघडा पडला की बहुतेकदा मांजर उठून चालू लागतं. शिक्रा हा शिकारी पक्षी झेपावला तर मात्र ओरडायला सवड नसते. खार खोडाला चिकटून गप्प होते. शत्रू कोणता, यावर प्रतिसाद ठरतो. केनियातल्या अंबोसेलीत वर्व्हेट माकडांना त्यांच्याच इशाऱ्याच्या हाका ध्वनिमुद्रित करून ऐकवल्या होत्या (हा अभ्यास १९८०चा). बिबट्यासाठीची हाक ऐकून ती झाडाकडे धावली, गरुडासाठीची ऐकून वर पाहू लागली, सापासाठीची ऐकून पायाखाली.

तळजाईवर फिरायला जाणारे वाचक : माझा कुत्रा टिटव्यांमागे नुसता धावतो, आजवर एकही पकडली नाही. तरी लोक हरकत घेतात.

मीही घेईन. टिटवी मुरमाड उघड्या जमिनीवर, खड्यांत मिसळून जातील अशी अंडी घालते, बहुधा चार. एप्रिल-मेच्या उन्हात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. कुत्रा दिसला की ती गुपचूप अंड्यांवरून उठते, दूर जाते आणि मग आकांत करते, त्याचं लक्ष तिकडे वळावं म्हणून. तेवढा वेळ अंडी उन्हात भाजतात. कुत्र्याने काही पकडलं नाही म्हणून नुकसान झालं नाही, असं नाही.

नुसत्या भीतीचीही किंमत असते. ब्रिटिश कोलंबियात साँग स्पॅरो या छोट्या पक्ष्यांची घरटी कुंपण आणि जाळी लावून सुरक्षित केली आणि त्यांना शिकारी प्राण्यांचे केवळ आवाज ऐकवत ठेवले. २०११ साली निष्कर्ष आला : त्या हंगामात पिल्लं ४० टक्क्यांनी घटली. माद्यांनी अंडी कमी घातली, पिल्लांना चाराही कमी भरवला. तेव्हा कृपा करून मार्च ते ऑगस्ट तरी टेकडीवर कुत्र्याचा पट्टा सोडू नका.

बारामतीहून : सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात गाडी जवळ गेली तरी चिंकारा चरत होते. आम्ही खाली उतरलो आणि पळाले. असं का?

गाडीतून त्यांच्यावर कधी काही झेपावलेलं नाही, म्हणून ती सवयीची झाली. दोन पायांवरची उभी आकृती मात्र ते ओळखून आहेत. गाडीतच बसा.

हडपसरची नववीतली विद्यार्थिनी : वाघ एवढा केशरी, तरी चितळाला कसा दिसत नाही?

आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात, चितळाच्या दोनच. त्याला केशरी आणि हिरवा जवळपास सारखेच दिसतात, म्हणून स्थिर वाघ गवतात विरून जातो. त्याने पाऊल उचललं किंवा वाऱ्याने वास आणला, की चितळ शेपटी उभारतं आणि पुढचा पाय जमिनीवर आपटतं.