‘वही दाखवा’ म्हणणे म्हणजे बुडवणे नव्हे

न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांचे समुपदेशन करताना एक प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याचे शब्दही मला पाठ झाले आहेत. “वसुली कंपनीचे फोन येतात, रक्कम पटत नाही, पण उलट विचारले तर प्रकरण चिघळेल. त्यापेक्षा भरून टाकू का?” असे विचारणारे बहुतेक जण आयुष्यात एकही हप्ता न चुकवलेले असतात, आणि नेमके तेच सर्वांत जास्त घाबरलेले असतात.

त्यांच्यापैकी एका गृहस्थांची हकीकत, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, येथे सांगते. फलटणकडचे, वय चाळिशीच्या आसपास, माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात नोकरी. दोन वर्षांपूर्वी सोडलेल्या भाड्याच्या घरापोटी २,३४० डॉलर थकले आहेत, असे एका वसुली कंपनीचे म्हणणे होते. झोप उडाली होती, फोन वाजला की छातीत धडधडत असे आणि पत्नीला यातले काहीही माहीत नव्हते. कंपनीचे पत्र त्यांनी न फोडता खणात टाकले होते. दुसऱ्या भेटीला येताना ते घेऊन या, एवढेच मी सांगितले.

ते पाकीट माझ्या टेबलावर फोडले, तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. आत दोन पाने होती. रकमेची फोड, मूळ घरमालक कंपनीचे नाव, आणि खाली कापून पाठवण्याचा भाग, ज्यात ‘हे देणे माझे नाही’, ‘रक्कम चुकीची आहे’ असे चौकोन होते. हरकत घेण्याची शेवटची तारीखही छापलेली होती आणि तिला अकरा दिवस उरले होते.

“म्हणजे हरकत घ्यायची सोय त्यांनीच दिली आहे?” त्यांनी विचारले.

त्यांनी ती सोय खुशीने दिलेली नसते. अमेरिकेत १९७७ साली संमत झालेल्या वसुलीविषयीच्या संघीय कायद्याने ती द्यावी लागते. पहिल्या संपर्कापासून पाच दिवसांत ही माहिती लेखी कळवणे वसुली कंपनीवर बंधनकारक आहे, आणि ती मिळाल्यापासून तीस दिवसांत ऋणकोने लेखी हरकत घेतली, तर देण्याचा पुरावा पाठवेपर्यंत कंपनीला वसुली थांबवावी लागते. फोनवर कितीही तावातावाने बोललात तरी वसुली थांबवण्याचे बंधन त्यातून येत नाही. ते लेखी हरकतीनेच येते. मुदत टळली, तर कंपनी देणे खरे धरून पुढे जाऊ शकते. मात्र तुम्ही गप्प राहिलात म्हणून न्यायालय ती कबुली मानू शकत नाही. हा कायदा मुख्यतः इतरांसाठी वसुली करणाऱ्यांना लागू होतो, मूळ धनकोला सहसा नाही.

हे सर्व मी समजावून सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, “ताई, तरीही मला ते जमणार नाही. आमच्या घराण्यात कुणी कुणाचे पैसे बुडवलेले नाहीत.”

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत मी घडले आहे, त्यामुळे अशा वेळी माझा कान फोनकडे नसतो, तर त्या फोनला माणूस मनात जे नाव देतो त्याकडे असतो. या गृहस्थांच्या मनात ‘मागणी आली’ आणि ‘मी बुडव्या ठरलो’ यांच्यामध्ये जागाच उरली नव्हती. माहितीने ती जागा तयार होत नाही, हे मला त्या दिवशी पुन्हा उमगले.

त्यांच्या वडिलांचे किराणा दुकान होते, हे पहिल्या भेटीत कानांवर आले होते. मी विचारले, “दुकानात उधारी चालायची?”

“चालायची की. लाल वही होती.”

“महिनाअखेरीला एखादे गिऱ्हाईक म्हणाले, ‘अण्णा, एवढे कसे झाले, वही दाखवा’, तर?”

“तर अण्णा वही फिरवून त्याच्यासमोर ठेवायचे. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवायचे.”

“आणि त्या गिऱ्हाइकाला बुडव्या म्हणायचे?”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “उलट अण्णा सांगायचे, जो वही बघतो तो पैसे देतो. न बघता ‘हो हो’ म्हणणाराच दिसेनासा होतो.” आणि त्यांचे डोळे भरून आले. इतकी वर्षे या कामात राहिल्यावरही असा क्षण समोर घडताना पाहणे हे मी माझे भाग्य समजते. उत्तर मी दिले नव्हते, ते फलटणच्या दुकानातून आले होते.

पत्र त्यांनी तेथेच लिहिले, जेमतेम आठ ओळींचे. देण्याला हरकत आहे, रकमेचा तपशीलवार हिशेब आणि भाडेकराराची प्रत पाठवावी, एवढाच मजकूर. ‘देणे आहे पण’ अशी सुरुवात मी त्यांना खोडायला लावली, कारण कबुलीची गरज नसते. पोचपावतीसह नोंदणीकृत टपालाने पाठवून त्याची प्रत ठेवली. ‘आता निदान पन्नास डॉलर तरी भरा’ या विनंतीला बळी पडू नये, हेही सांगितले. जुन्या देण्याबाबत अनेक राज्यांत अशा अंशतः भरण्याने दाव्याची मुदत नव्याने सुरू होऊ शकते, आणि न्यू जर्सीत करारावरील दाव्यासाठी ती सहा वर्षांची आहे. एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला बजावते, की न्यायालयाचे समन्स आले, तर हरकतीच्या पत्रावर विसंबून राहू नये. समन्सला मुदतीत उत्तर द्यावे आणि वकिलाला भेटावे.

त्याच रात्री त्यांनी पत्नीला सर्व सांगितले. घर सोडतानाच्या वेळची कागदपत्रे तिनेच शोधली. त्यात कार्पेटपोटी १,४५० डॉलरची संपूर्ण अनामत रक्कम कापून घेतल्याचे घरमालकाचे पत्र होते, आणि हरकतीच्या पत्रानंतर पाच आठवड्यांनी वसुली कंपनीकडून आलेल्या हिशेबात तेच १,४५० पुन्हा लावलेले होते. वर ४७८ डॉलर वसुली खर्च होता, ज्याचा करारात उल्लेख नव्हता. साफसफाईचे २४० आणि पाणीपट्टीचे १७२ मात्र खरेच राहिले होते.

त्यांनी दुसरे पत्र पाठवले, कंपनीने दुरुस्त हिशेब मान्य केला, आणि ४१२ डॉलर भरल्यावर खाते पूर्ण मिटेल असे लेखी मिळाल्यावरच त्यांनी चेक लिहिला. शेवटच्या भेटीला आले तेव्हा सगळे कागद एका लाल फोल्डरमध्ये लावलेले होते. त्यांनी तो फिरवून माझ्यासमोर ठेवला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली.