ऑटोक्रॉस सुरू करायचंय, इंदूरला राहतो, जुनी स्विफ्ट आहे. आधी गाडीत काय बदलू?

तू २२ वर्षांचा आहेस असं लिहिलंयस म्हणून सरळ अरे-तुरे करते. सस्पेन्शन आधी करू का एक्झॉस्ट, आणि नॅट्रॅक्सच्या टेस्ट ट्रॅकवर प्रॅक्टिस मिळेल का, असं विचारलंयस. सस्पेन्शन नको, एक्झॉस्ट तर अजिबातच नको. नॅट्रॅक्सचं खाली सांगते. (बाकीच्यांसाठी: ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानात कोन, म्हणजे रस्त्यावर ठेवतात तसले शंकू, मांडून वळणं आखायची आणि त्यातून एकेक गाडी घड्याळ लावून पळवायची.) पण 'आधी गाडीत काय बदलू' हे वाचलं आणि मी जेवण सोडून लिहायला बसले, कारण ह्याच वाक्यावरून आमच्या घरात अकरा वर्षं भांडण चालू आहे.

मी आणि माझा चुलतभाऊ रामबागेत एकाच घरात वाढलो, गाडीही एकाच झेनवर शिकलो, काकांच्या. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, बायपासला त्याच्यासोबत कोणी बसायला तयार नसायचं आणि त्याला त्याचा अभिमान होता. 'ब्रेक मारतो तो भित्रा', हे त्याचं नेहमीचं. नोकरी लागल्यावर त्याने स्वतःची एक जुनी झेन घेतली, एक्झॉस्ट, रुंद टायर, खाली बसवलेली स्प्रिंग असं सगळं मिळून चाळीसेक हजार घातले, आणि महूच्या बाजूला एका क्लबने मातीवरची ऑटोक्रॉस ठेवली तेव्हा नाव दिलं. मी पण दिलं, काकांची झेन घेऊन, जशी कंपनीतून आली तशी. छावणीतल्या मेकॅनिकला विचारलं काय करू, तो म्हणाला, "दीदी, इसमें कुछ नी करना, नट कस लो और हवा देख लो." तेवढंच केलं.

दिवाळी होऊन गेली होती, काळी माती वाळलेली, वर भुसभुशीत धूळ आणि खाली दगडासारखी टणक. सकाळी स्क्रुटिनी, म्हणजे गाड्यांची तपासणी, झाली, मग ट्रॅक चालून बघायला वेळ दिला. दादा एकदा चालला आणि पोहे खायला गेला. मी तीनदा चालले. तिसऱ्यांदा प्रत्येक वळणाला उकिडवं बसून बघितलं, कारण उभं राहून कोनांची रांग स्पष्ट दिसते पण सीटवर बसलं की डोळे खाली येतात आणि सगळे कोन एकमेकांत मिसळतात, कुठलं गेट (दोन कोनांमधली वाट) पुढचं तेच कळत नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, चपलेत खडा गेला तो काढायला बसले तेव्हा लक्षात आलं. तू हे नक्की कर.

दोन रन, त्यातला चांगला धरायचा. पहिल्या रनला मी समोरच्याच कोनाकडे बघत राहिले आणि तो उडवला. असंच होतं, नजर जिकडे जाते तिकडे हात जातात. पेनल्टीचे सेकंद लागले. टायमिंगला बसलेल्या काकू म्हणाल्या, "अगं, जवळचा कोन बघून काय उपयोग, तो तर आलाच, त्याच्या पुढचा बघ." दुसऱ्या रनला तेच केलं. शेवटी एक यू-टर्न होता, त्याच्या आधी गाडी सरळ असतानाच जोरात ब्रेक, सेकंड गिअर, मग ब्रेक सोडून वळवलं, आणि गाडीचं नाक वळणातून बाहेर पडायच्या दिशेला आल्यावरच गॅस. आत बसून मला वाटत होतं की मी फार हळू चाललेय. ५८.४ सेकंद आले, एकही कोन न पाडता.

दादाचा पहिला रन ६१ च्या वर, वर दोन कोनांची पेनल्टी. दुसऱ्यात तो त्याच यू-टर्नला तसाच घुसला, ब्रेक वळणात मारला, स्टिअरिंग पूर्ण फिरवलेलं आणि गाडी नाकासमोर सरळ. गेट चुकलं, रन गेला.

यात टायरचा दोष नव्हता. टायरकडे पकड असते तेवढीच असते, ती सगळी ब्रेकला दिलीस तर वळायला काही उरत नाही, टायर रुंद असो नाहीतर अरुंद. आणि पुढची चाकं घसरायला लागली की आपण अजून फिरवतो, तिथे उलट ब्रेक आणि गॅसवरून पाय हलका करून स्टिअरिंग थोडं मोकळं करायचं असतं, चाकं परत पकडतात. हे हातापायाला समजायला माझे सहा इव्हेंट गेले. चाळीस हजारात ते मिळत नाही.

तर तू गाडीत काय करायचंस: सीट. खरंच, बहुतेकांची सीट फार मागे असते. पाठ पूर्ण टेकवून हात सरळ केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं, क्लच तळाला गेला तरी गुडघा थोडा वाकलेला हवा. डिकीतला जॅक, पाण्याच्या बाटल्या, पायाखालचे मॅट सगळं बाहेर. डांबरावर असेल तर हवा नेहमीपेक्षा तीन-चार पॉइंट जास्त ठेव, टायर कडेवर दुमडत नाही. मातीवर मी नेहमीचीच ठेवते. बहुतेक ट्रॅक पूर्ण सेकंड गिअरमध्येच निघतो, उगाच गिअर मोजत बसू नकोस.

नॅट्रॅक्स पीथमपूरला आपल्या दारात आहे, ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक, २०२१ मध्ये सुरू झाला, मलाही त्याचं कौतुक आहे. पण ती कंपन्यांची गाड्या तपासायची जागा आहे, आणि ऑटोक्रॉसला तसलं काही लागतच नाही, मोठं मोकळं मैदान आणि कोन पुरतात. सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर रात्री जाऊन 'प्रॅक्टिस' करायची तर माझं उत्तर वाचूच नकोस. रस्त्यावर रेस लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथे लोक चालत असतात. इव्हेंट एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना) परवानगीचा असेल तर त्यांचं कॉम्पिटिशन लायसन्स काढावं लागतं. हेल्मेट कुठलं चालेल ते आयोजकांना आधीच विचार.

हे आधी सांगायला हवं होतं: साध्या इन्शुरन्स पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, म्हणजे तिथे गाडी ठोकलीस तर खर्च तुझा. आणि मी काही बदलू नको म्हटलं ते गाडी धडधाकट असेल तर. शॉकमधून तेल गळत असेल, बॉल जॉइंट ढिला झाला असेल, टायर गुळगुळीत झाले असतील किंवा ब्रेक पॅड संपत आले असतील तर ते आधी बदल, त्यात वाद नाही.

दादाचं म्हणणं अजूनही असं की तो पाचव्या नंबरवर पळाला आणि मी चौदाव्या, माझ्या वेळेपर्यंत धूळ उडून टणक ओळ वर आली होती. मातीवर असं होतं, हे मी मान्य करते, नंतर पळणाऱ्याला फायदा मिळतो. पण त्याचा दुसरा रन सगळ्या बत्तीस गाड्यांचा पहिला रन झाल्यावर होता. माझ्या पहिल्या रनला मिळाली त्यापेक्षा साफ ओळ त्याला तेव्हा मिळाली होती, आणि तरी गेट चुकलं. हे मी त्याला दर गणपतीत सांगते आणि तो मोदक घ्यायला उठतो.

दादा, ही साइट तू वाचतोस हे मला माहीत आहे. पुढच्या वेळी पहिला नंबर मी मागून घेते, तू माझ्यानंतर कितव्याही नंबरवर पळ. गाडी दोघांनी काकांचीच घ्यायची.