दमा आहे? मग आधी छातीच्या डॉक्टरांकडे

ताई, दमा आहे म्हणून बेरिअ‍ॅट्रिक सर्जरी (वजन कमी करण्याचं ऑपरेशन) होणारच नाही असं नसतं. पण आधी छातीच्या डॉक्टरांना गाठा. घोरत असाल तर स्लीप स्टडी (झोपेतली तपासणी) मागूनच घ्या. स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास मध्येच थांबणं) निघाला तर सीपॅपची (झोपेत मास्कमधून हवा देणाऱ्या मशीनची) सवय ऑपरेशनआधीच लागलेली बरी. सुरुवातीला मास्क नकोसा होतो, मीही वैतागले होते. दाखल होताना तेच मशीन आणि इन्हेलर सोबत न्या. स्टेरॉइडच्या गोळ्या कधी, किती घेतल्या ते भूलतज्ज्ञांना स्पष्ट सांगा. श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं ते यंत्र (स्पायरोमीटर) आत्तापासूनच वापरा (फुंकायचं नाही हं, श्वास आत ओढायचा!). ऑपरेशननंतर पोट दुखतं म्हणून आपण श्वास उथळ घेतो आणि कफ साचतो. पोटाशी उशी धरून खोका, आणि नर्स सांगेल तेव्हा लगेच उठून चाला.