रिपोर्ट नॉर्मल, तरी डोकं दुखतंय? जबडा दाखवलात का?

"एमआरआय नॉर्मल, डोळे नॉर्मल, डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका. म्हणजे माझं डोकं खोटं दुखतं का, मॅडम?"

मी समुपदेशक. हा प्रश्न इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारलाय, की आता लिहूनच टाकते. त्यासाठी एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून.

पतसंस्थेत कॅशियर असलेल्या एक बाई. सकाळी उठतानाच दोन्ही कानशिलं ठणकायची. चष्म्याचा नंबर तपासून झाला, सायनसचा एक्स-रे झाला, पित्ताच्या नावाखाली दहीताक बंद झालं. कानही दुखायचा, पण कानाच्या डॉक्टरांना कानात काही सापडेना. जांभई देताना कट्ट आवाज यायचा. त्याबद्दल कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

आमचं बोलणं सासरच्या घराच्या वाटणीवर आलं. "दीर काहीही बोलू देत, मी ऐकून घेते. घरात शांतता हवी ना," त्या हसत म्हणाल्या. हसणं ओठांवरच होतं. कानाखाली गालात मात्र स्नायूची गोळी उठत होती, बसत होती.

मी मधेच विचारलं, "आत्ता तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेत?"

त्या थबकल्या. "टेकलेत. पण ते टेकलेलेच असतात की! सगळ्यांचे असतात."

"नसतात."

त्यांना खरं वाटेना. दात एकमेकांना लागतात ते खाताना आणि गिळताना. एरवी ओठ मिटलेले असले तरी आत दातांत थोडी फट असते. मी म्हटलं, "बोटं कानशिलांवर ठेवा आणि दात आवळा."

त्यांनी आवळले. बोटांखाली स्नायू टणक होऊन वर आला, तशा त्या जवळजवळ ओरडल्याच, "अगं बाई! इथंच तर दुखतं!"

दुखण्याची जागा त्यांच्या स्वतःच्या बोटाला लागली होती. चघळण्याचा एक मोठा स्नायू कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला असतो. तो तासन्‌तास आवळलेला राहिला की तिथे दुखू शकतं. शिवाय दात, जबडा आणि कपाळ यांच्या संवेदना एकाच मज्जातंतूच्या शाखांतून मेंदूकडे जातात. त्यामुळे दुखण्याचं मूळ जबड्यात आणि ठणका डोक्यात, असा घोटाळा सहज होतो. तेव्हा डोकं खोटं दुखत नाही. टेन्शन हवेत राहत नाही, स्नायूंत उतरतं.

तरी मी आधी त्यांना दंतवैद्याकडेच पाठवलं. मनाच्या कामाची घाई करू नये, हे माझं ठाम मत. दाढांचे कंगोरे झिजून सपाट झालेले, जिभेच्या कडेला दातांचे ठसे, म्हणजे बहुधा झोपेतही दात खाणं चालूच. वर डावीकडच्या दाढेचं रूट कॅनल अर्धवट सोडलेलं, म्हणून सगळं चावणं उजवीकडून. रूट कॅनल पुरं झालं, झोपताना दातांवर बसवायचं मापाचं आवरण, म्हणजे नाइट गार्ड, मिळालं. त्याने दात वाचतात, पण आवळण्याची सवय त्याने जातेच असं नाही. तिथून पुढचं काम माझं. जबडा मीच पकडला, याचं समाधान मी लपवणार नाही.

मी विवेकनिष्ठ विचारसरणीची. घटनेपेक्षा आपण तिचा काय अर्थ लावतो, याकडे माझं लक्ष. 'मी बोलले तर घर मोडेल' हे गृहीतक आम्ही बरंच उलटंपालटं करून पाहिलं. मग एका रविवारी त्यांनी दिरांना विचारलं, "भाऊजी, वाटणीचं कागदावर कधी आणायचं?" भाऊजी दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी चहा मागितला.

काउंटरवरच्या नोटा मोजायच्या मशीनवर त्यांनी हिरवी टिकली चिकटवली होती. ती दिसली की तपासायचं: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ अलगद टाळूला. डोकेदुखी अगदी गेली नाही, मार्चअखेरीला अजून येते. पण रोजची थांबली.

तुम्हालाही सकाळी कानशिलं दुखत असतील, जबडा आखडत असेल, तर दंतवैद्याला डोकेदुखीबद्दल मुद्दाम सांगा, आपण होऊन ते विचारतीलच असं नाही. तोवर च्युइंगम आणि सुपारी बंद, मऊ जेवण, गालांना कोमट शेक. चाव नीट बसवण्यासाठी दात मशीनने घासून कमी करून घ्या असं कोणी सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका, घासलेला दात परत येत नाही. महिन्यातून 15 किंवा जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या असं काही महिने चाललं, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागू शकतं. घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेची तपासणी करा.

प्रत्येक डोकेदुखी जबड्याची नसते, अर्धशिशी आणि जबडा दोन्ही सोबतही असतात. अचानक आलेली भयंकर डोकेदुखी, ताप आणि मान ताठ, हातापायातली ताकद जाणं, यात थेट रुग्णालय गाठा. पन्नाशीनंतर डोकेदुखी नव्याने सुरू झाली, चावताना जबडा भरून येतो किंवा नजर अंधुक होते, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी दात आवळणं वाढतं, तेव्हा गोळी आपल्या मनाने बंद न करता मनोविकारतज्ज्ञांना तसं सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं.