फाइली उडवूनही सी ड्राइव्ह भरलेलाच का दिसतो?

तुम्ही लिहिलंय की विंडोज लॅपटॉपवरचे फोटो आणि सिनेमे उडवलेत, रिसायकल बिनही रिकामा केलात, तरी डिस्क भरल्याचा इशारा जात नाही; रिकामा डी ड्राइव्ह सीला जोडता येईल का, असंही विचारलंय. तुमच्या प्रश्नातली कामाची ओळ मात्र पुढची आहे: सी ड्राइव्हमधले सगळे फोल्डर निवडले तर १५० जीबी भरतात आणि ड्राइव्ह मात्र २३० जीबी वापरलेले दाखवतो. म्हणजे ८० जीबी अशा ठिकाणी आहेत जिथे तुम्ही अजून पोचलाच नाहीत. (२५६ जीबीची एसएसडी २३८ का दिसते, हेही विचारलंय. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या. तिथे काही हरवलेलं नाही.)

तेव्हा डिलीट करणं थांबवा आणि आधी जागा कुणी खाल्लीय ते बघा. विझट्री या, कुठली फाइल किती जागा घेते ते दाखवणाऱ्या प्रोग्रामची पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालणारी) आवृत्ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेन ड्राइव्हवरून चालवा, भरलेल्या डिस्कवर काही इन्स्टॉल करायला नको. राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’नेच उघडा. ज्या फोल्डरांची परवानगी नाही ते एक्सप्लोरर मोजतच नाही, आणि लपवलेल्या सिस्टिम फाइली तुम्ही ‘सगळं’ निवडलंत तरी निवडल्या जात नाहीत. तुमची बेरीज त्यामुळेच चुकतेय.

माझा पहिला संशय ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ या लपवलेल्या फोल्डरवर. रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोज आधीच्या स्थितीत परत नेण्यासाठी जपलेल्या नोंदी, इथे साठतात. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधा, सी निवडून ‘कॉन्फिगर’ दाबा. किती जागा वापरलीय ते तिथेच लिहिलेलं असतं. लॅपटॉप नीट चालत असेल तर ‘डिलीट’ करा आणि खालची पट्टी ओढून मर्यादा कमी ठेवा. मागे जायचे जुने पॉइंट जातील, एवढं लक्षात घ्या.

दुसरा संशय ‘हायबरफिल’ या फाइलवर. हायबरनेटसाठी (लॅपटॉप बंद करताना चालू काम डिस्कवर जपण्यासाठी) राखलेली ही जागा विंडोज १० पासून सहसा रॅमच्या ४० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे १६ जीबी रॅमला साडेसहा जीबीच्या घरात. हायबरनेट कमांडने बंद केलंत की फाइल आपोआप जाते; पण फास्ट स्टार्टअपही (विंडोज झटपट सुरू होण्याची सोय) बंद होतं, म्हणून मी हे शेवटी करतो. पेजफाइलला (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) हात लावू नका.

मोठा अपडेट नुकताच झाला असेल तर ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर सापडेल. तो एरवी १० दिवसांनी स्वतःच जातो. घाई असेल तर डिस्क क्लीनअपमध्ये ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ दाबून काढा. सेटिंग्जमधल्या ‘टेम्पररी फाइल्स’च्या यादीतून काढणार असाल तर तिथे ‘डाउनलोड्स’चाही चौकोन असतो. त्यावर टिक लावून लोक नंतर गळा काढतात.

एक विकार मात्र चिवट आहे: साफ केलं की पुन्हा भरतं. विंडोज फोल्डरमधला ‘टेम्प’ उघडा. कॅब आणि पुढे आकडे अशा नावाच्या, साधारण शंभर-शंभर एमबीच्या फाइलींची रांग दिसली तर कारण दुसरीकडे आहे. विंडोज फोल्डरमधल्याच ‘लॉग्ज’मधल्या ‘सीबीएस’ फोल्डरमध्ये एखादा लॉग (नोंदींची फाइल) २ जीबीच्या वर गेला की तो आकसून कॅब, म्हणजे झिपसारखी फाइल, करण्याचा विंडोजचा प्रयत्न फसतो, अर्धवट फाइल मागे राहते आणि थोड्या वेळाने तोच खेळ पुन्हा. नुसता टेम्प साफ करून भागत नाही, तो अवाढव्य लॉगही काढावा लागतो. ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर’ सर्व्हिस थांबवा, दोन्ही ठिकाणच्या फाइली काढा, मग रीस्टार्ट करा.

विंडोज फोल्डरमधले ‘विनएसएक्सएस’ आणि ‘इन्स्टॉलर’ हे फोल्डर फुगलेले दिसले तरी हाताने उडवायचे नाहीत. पहिल्यात हार्ड लिंक असतात, म्हणजे एकच फाइल दोनदा मोजली जाते. दुसरा गेला तर प्रोग्राम काढता येत नाहीत आणि अपडेट अडतात. ‘एका क्लिकमध्ये साफ’ म्हणणारे क्लीनर तर घेऊच नका. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करून किती जागा सुटणार?

राहिला रिकामा डी ड्राइव्ह सीला जोडायचा प्रश्न. डिस्क मॅनेजमेंटमधलं ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ सीच्या लगेच उजवीकडे कुठल्याच ड्राइव्हला न दिलेली (‘अनॲलोकेटेड’) जागा असेल तरच चालतं. बहुतेक वेळा मध्ये रिकव्हरी पार्टिशन (विंडोज दुरुस्तीसाठी राखलेला डिस्कचा भाग) आडवं येतं आणि पर्याय करडा दिसतो. त्यापेक्षा डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज यांच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’ टॅब आहे. तिथे ‘मूव्ह’ करून डीवरचा नवा फोल्डर द्या. प्रत्येकाला वेगळा फोल्डर द्या, थेट डी ड्राइव्ह देऊ नका, नाहीतर सगळ्यांची खिचडी होते.